मधुमेह, उपवास आणि तुळजापूरचा चढ

नवरात्रात अक्कलकोटहून सायकलने तुळजापूरला जाण्याचा बेत उत्तमच. पण मधुमेही मंडळींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बालाघाटचा चढ चढताना पायांचे स्नायू रक्तातील साखर भराभर वापरतात. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेतलेली आणि वर उपवास असेल, तर साखर एकदम खाली येऊ शकते. दरदरून घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे याला नुसता थकवा समजू नये. लगेच उतरून चहाचे तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटे बसावे. बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; तडक दवाखान्यात न्यावे. उपवास आणि औषधाची मात्रा याबद्दल निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. खाऊन निघालात म्हणून आई भवानी रागावणार नाही!