बंडखोर कोणास म्हणावे?

बंडखोर म्हटला की हाती शस्त्र घेऊन वरिष्ठांवर चाल करून जाणारा शिपाई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु अमेरिकेच्या आरमाराने १९४४ साली ज्या ५० कृष्णवर्णीय खलाशांवर बंडाचा आरोप शाबीत धरून प्रत्येकास १५ वर्षांची सक्तमजुरी फर्माविली, त्यांच्यापैकी एकानेही शस्त्र उगारले नव्हते.

कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे १७ जुलै १९४४ च्या रात्री जहाजांवर दारूगोळा चढवीत असता प्रचंड स्फोट होऊन ३२० माणसे दगावली. त्यांत २०२ कृष्णवर्णीय खलाशी होते. कारण ही जोखमीची हमाली त्यांच्याच माथी मारलेली असे, अंमलदार मात्र गोरे. पुढे ९ ऑगस्टला मेअर आयलंड येथे पुन्हा तेच काम करण्याचा हुकूम सुटताच २५८ जणांनी नकार दिला. बंडाबद्दल देहान्त शासन होऊ शकते, अशी तंबी मिळाल्यावर २०८ जण कबूल झाले (शिक्षा त्यांचीही चुकली नाही) आणि उरलेले ५० बंडखोर ठरले.

शस्त्र नाही म्हणून बंड नाही, ही समजूतही तितकीच चुकीची. अमेरिकेच्या १९५० च्या लष्करी संहितेतील ९४ व्या कलमानुसार संगनमताने हुकूम नाकारणे एवढेही बंडास पुरते. मात्र त्यामागे वरिष्ठांची कायदेशीर सत्ता झुगारण्याचा हेतू असला पाहिजे. ही संहिता त्या खटल्यानंतरची; पण १९४४ च्या त्या खटल्यातही बचावपक्षाचे म्हणणे नेमके हेच होते: या खलाशांस सत्ता उलथावयाची नव्हती, त्यांस मृत्यूचे भय वाटत होते, आणि अन्य कोणताही हुकूम पाळण्यास ते तयार होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले थर्गुड मार्शल यांनी हा खटला जातीने पाहून त्याविरुद्ध अपील चालविले, तरी दोष कायम राहिला. आपल्याकडेही फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ ठाण्यावरील नाविकांनी जे आरंभिले त्यास ते स्वतः संप म्हणत. सरकारदप्तरी मात्र ते बंडच.

माफी मिळाली म्हणजे कलंक गेला, हा आणखी एक भ्रम. त्या पन्नासांपैकी फ्रेडी मीक्स यांस १९९९ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी दिली. पण माफीने शिक्षेचा परिणाम सरतो, दोषाचा ठराव दप्तरी राहतोच. तो पुसला गेला १७ जुलै २०२४ रोजी, जेव्हा आरमारखात्याच्या सचिवांनी त्या खटल्यांत कायद्याच्या चुका झाल्याचे मान्य करून उरलेल्या सर्व २५६ खलाशांस निर्दोष जाहीर केले.