मोल आणि किंमत : फुटबॉलच्या बाजारातील हिशेब



कामगार चळवळीतला माणूस फुटबॉलवर बोलणार, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. आम्ही फुटबॉल कधी खेळलो नाही. शाळाही अर्ध्यावर सुटली. जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकाशी. परंतु माणसाच्या कामाची किंमत कशी ठरते, हा प्रश्न आमच्या मागे तीस वर्षे लागलेला आहे, आणि त्याची फार बोलकी उदाहरणे आम्हांला इंग्लंडातील धंदेवाईक फुटबॉलच्या बाजारात सापडली. बाजार हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. तेथे एक क्लब दुसऱ्या क्लबाला रोख पैसे मोजतो आणि कराराने बांधलेला खेळाडू इकडून तिकडे जातो.

आता या बाजारात आघाडीच्या खेळाडूचा भाव बहुधा त्याने किती गोल केले यावरून ठरतो. वरवर पाहता हे न्यायाचे वाटते. पण क्रिकेटमध्ये दिवसाला शेकडो धावा होतात, तर फुटबॉलच्या सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून गोल सरासरी तीनच्या आसपास. मोजायची वस्तू जिथे इतकी थोडी, तिथे दैवाचा हात मोठा. चेंडू खांबाला लागून आत गेला तर जयजयकार आणि बाहेर आला तर हळहळ. खेळाडूचे काम मात्र दोन्ही वेळा तेच.

यावर हिशेबी मंडळींनी तोड काढली ती अशी. नुसते गोल न मोजता गोलाच्या संधी मोजायच्या. हजारो जुन्या सामन्यांतील एकेक फटका नोंदवायचा : कोठून मारला, कोणत्या कोनातून, पायाने की डोक्याने. पेनल्टीच्या 100 फटक्यांत 75 च्या वर गोल होतात, म्हणून पेनल्टीची संधी पाऊण गोलाहून किंचित अधिक धरायची. तीस यार्डांवरून मारलेल्या 100 फटक्यांत बोटांवर मोजण्याइतकेच गोल होतात, म्हणून तो फटका गोलाचा अगदी लहान अंश. हंगामभरातील अशा अंशांची बेरीज म्हणजे त्या खेळाडूचे ‘अपेक्षित गोल’. समजा, ही बेरीज 15 आली आणि प्रत्यक्ष गोल 8 च झाले. बाजार आठांकडे पाहून भाव पाडतो. हिशेबी माणूस म्हणतो, नेम थोडा कच्चा असेलही, पण योग्य वेळी योग्य जागी पोहोचणे या गड्याला साधले आहे. नशीब सरळ झाले की गोल वाढतील. आज स्वस्त आहे, आजच घ्या.

पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्ड या लहान क्लबाने नेमके हेच केले. हा क्लब 1947 साली वरच्या श्रेणीतून घसरला होता. ऑक्सफर्डला पदार्थविज्ञान शिकलेले आणि सामन्यांवरील पैजांचे गणित मांडून श्रीमंत झालेले मॅथ्यू बेनहॅम 2012 साली त्याचे मालक झाले. बड्या क्लबांशी पैशाने झुंजणे शक्य नव्हते. तेव्हा इतरांची नजर जात नाही तेथे पाहायचे त्यांनी ठरवले. 2017 साली चौथ्या श्रेणीतील एक्झिटर संघाकडून ऑली वॉटकिन्स हा तरुण त्यांनी घेतला, वृत्तपत्रांतील आकड्यानुसार सुमारे 18 लाख पौंडांना. 2020 साली तोच ॲस्टन व्हिलाकडे गेला, सुमारे 2 कोटी 80 लाखांना. 2024 च्या युरोपीय स्पर्धेत नेदरलँड्सविरुद्ध 90 व्या मिनिटाला गोल करून इंग्लंडला अंतिम सामन्यात नेणारा खेळाडू तो हाच. आणि ब्रेंटफर्ड 2021 साली, 74 वर्षांनी, वरच्या श्रेणीत परतला.

मात्र आकड्यांपुढे लोटांगण घालण्याचे कारण नाही. याच ब्रेंटफर्डला 1951 साली चार्ल्स रीप यांनी मदत केली होती. हे हवाई दलातील हिशेबनीस. 1950 च्या मार्चमध्ये स्विंडन येथे सामना पाहताना त्यांनी वही-पेन्सिल काढली, ती पुढे कित्येक वर्षे खाली ठेवली नाही. त्यांच्या नोंदींत शेकडा 80 च्या सुमारास गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चढाईतून आलेले दिसले. तेव्हा चेंडू फार खेळवत बसू नका, लांब मारा, असा सल्ला त्यांनी दिला. पण त्याच नोंदींत शेकडा 90 हून अधिक चढाया तीन किंवा कमी पासांच्याच होत्या! म्हणजे उरलेल्या दहांहूनही कमी चढायांच्या पदरी शेकडा वीस गोल पडले. लाभ कोणत्या बाजूला, हे वाण्याच्या दुकानातला पोरगाही सांगेल. ‘किती?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘कितीपैकी?’ हे विचारलेच पाहिजे.

दुसरी खोट आम्ही स्वतः पाहिली आहे. एका कारखान्यात एका जुन्या टर्नरला नग कमी निघतात म्हणून बढती नाकारली गेली. आम्ही तेव्हा त्याच खात्यात होतो. वही घेऊन आठवडाभर टिपले. शेजारच्या पोरांची मशीन तोच लावून देई. तो रजेवर गेला की साऱ्या ओळीचे खराब नग वाढत. त्याचे हे काम कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. बढती मिळाली, पण निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना. फुटबॉलमध्येही नेमक्या जागी उभा राहून समोरच्याला पासच देऊ न देणारा बचावपटू असतो. त्याचा पाय चेंडूला लागत नाही आणि वहीतली ओळ कोरी राहते. म्हणूनच आकड्यांनी नाव सुचवले, तरी माणसाने मैदानावर जाऊन पाहावे लागते.

आता आमच्या दृष्टीने खरा प्रश्न. दडलेले मोल सापडले, तर त्यावर हक्क कोणाचा? इंग्लंडात 1901 पासून खेळाडूंच्या पगाराला कमाल मर्यादा होती. किमान वेतनासाठी उमर घालवलेल्या आम्हांला ‘कमाल वेतन’ हे शब्द वाचून चष्मा पुसावा लागला. अखेरीस ही मर्यादा आठवड्याला 20 पौंड होती. एकेकाळी ब्रेंटफर्डकडूनच खेळलेले जिमी हिल खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष असताना संपाची तयारी झाली, आणि 1961 च्या जानेवारीत ही मर्यादा उठली. तोपर्यंत खेळाडूचे मोल कितीही निघो, त्याच्या खिशात जाणारी रक्कम आधीच ठरलेली होती.

पुढे 2021 साली मँचेस्टर सिटीचा केव्हिन डी ब्रॉयना नव्या करारासाठी बसला तो दलालाशिवाय. त्याने विश्लेषकांकडून स्वतःच्या खेळाचे आकडे काढून घेतले आणि ते मालकांपुढे ठेवले. ज्या वहीने क्लब त्याला तोलत, तीच वही त्याने आपल्या हाती घेतली.

डी ब्रॉयनापाशी विश्लेषक नेमण्याइतका पैसा होता. आमच्या टर्नरपाशी एक वही आणि चार सोबती होते. पण उपाय दोघांचा एकच. तुमच्या कामाची नोंद कोणी ठेवत असेल, तर ती मागून पाहा. तिच्यात काय सुटले ते लिहून काढा. आणि मग बोलणी करायला बसा.