सुरतेची सायंकाळ आणि सार्वजनिक स्वच्छता

जेवण सुरतेचे आणि मरण काशीचे, अशा आशयाची म्हण गुजरातेत पूर्वापार प्रचलित आहे. सायंकाळी सहकुटुंब घराबाहेर पडून रुचकर पदार्थ खाणे, ही या शहराची आवडती करमणूक होय. १९६० पर्यंत सुरत मुंबई राज्यात होती. त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरातने पुढेही चालू ठेवला. लहानथोरांनी एकत्र बसून खाण्याच्या या प्रथेस त्याचाही हातभार लागला असावा.

शहराच्या नैर्ऋत्येस, सुमारे वीस किलोमीटरवर डुमसचा किनारा आहे. तेथील काळसर वाळूवर सूर्यास्त पाहावा आणि हिरवी चटणी लावलेल्या टोमॅटोच्या चकत्यांची भजी खावीत, हा सुट्टीचा शिरस्ता. हिवाळ्यात शेव घालून पोंक, म्हणजे आपल्याकडील हुरडा, आवडीने खाल्ला जातो. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी 'चंदनी पडवो' येतो. त्या रात्री अनेक कुटुंबे रस्त्याच्या कडेला बसून, चांदण्यात खव्याची व तुपाची घारी खातात.

मात्र जेथे हजारो लोक उघड्यावर खातात, तेथे शुद्ध पाणी व उष्ट्याची विल्हेवाट हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ पसरली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. अस्वच्छतेची केवढी किंमत द्यावी लागते, हे तेव्हा दिसून आले. १९९५ मध्ये महापालिका आयुक्त झालेले श्री. एस. आर. राव यांनी शहराचे सहा विभाग करून अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष रस्त्यावर पाठविले. उपाहारगृहांची तपासणी व कचरा टाकणाऱ्यांकडून जागच्या जागी दंडवसुली सुरू झाली. गजबजलेले रस्ते रात्री झाडण्याची व्यवस्थाही पुढे रूढ झाली. परिणामी, २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरसमवेत देशात पहिला क्रमांक मिळविला.

जुहू, अलिबाग वा गणपतीपुळे येथील किनाऱ्यांवरही सायंकाळी अशीच गर्दी लोटते. विक्रेत्याने झाकण असलेली कचरापेटी व पिण्याचे शुद्ध पाणी ठेवावे, ग्राहकाने उष्टे पेटीतच टाकावे आणि स्थानिक संस्थेने ते त्याच रात्री उचलावे. ही त्रिसूत्री पाळली गेली, तर खवय्यांचा आनंद आणि सर्वांचे आरोग्य या दोहोंचेही रक्षण होईल.