जोडभागांची पारख

जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार होणाऱ्या ‘जोंगा’ या लष्करी गाडीचे उत्पादन 1999 मध्ये थांबले. सैन्याने निकालात काढलेल्या जोंगा लिलावात घेऊन हौसेने वापरणारे लोक मात्र त्यानंतरही राहिले. अशी गाडी बाळगणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. इंजिन कितीही दणकट असो, त्याचा एखादा भाग झिजला म्हणजे नवा भाग कोणाकडून मिळेल आणि तो टिकेल की नाही, हा प्रश्न इंजिनाच्या ताकदीहून मोठा ठरतो. संकेतस्थळे चालविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो.

या प्रकारचे सर्वांत अधिक प्रचारात असलेले सॉफ्टवेअर म्हणजे वर्डप्रेस. ते 2003 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2004 पासून त्याला इतरांनी लिहिलेले छोटे कार्यक्रम जोडण्याची सोय झाली. या जोडभागांना प्लगइन म्हणतात. वर्डप्रेसच्या अधिकृत सूचीत 50,000 हून अधिक प्लगइन विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांचे कर्ते जगभर विखुरलेले आहेत. कोणी कंपनी चालवितो, तर कोणी नोकरी सांभाळून रात्री हे काम करतो. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वर्डप्रेसमध्ये मूळ सॉफ्टवेअर आणि प्लगइन यांच्यामध्ये भिंत नसते. दारावरची घंटा बसविण्यास आलेल्या कारागिराच्या हाती घरातील सर्व किल्ल्यांचा जुडगा द्यावा, तसा हा प्रकार आहे. केवळ छायाचित्रे मांडण्यासाठी घेतलेला प्लगइनदेखील संकेतस्थळाचा सगळा माहितीसाठा वाचू शकतो.

1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती व जबलपूर त्याच प्रांतात मोडत असे. जबलपूरला मराठी कुटुंबे आहेत, ती काही आजकालची नव्हेत. समजा, तेथील एखाद्या मराठी ग्रंथालयाने आपले संकेतस्थळ काढले. पुस्तकांची यादी, सभासदांची नावे व दूरध्वनी क्रमांक, वर्गणीचा हिशेब हे सर्व त्यावर आहे. काम पाहणारे चिटणीस निवृत्त गृहस्थ आहेत. त्यांना कार्यक्रमलेखन येत नाही. सभासद नोंदणीसाठी त्यांच्यासमोर पंधरा-वीस प्लगइन आहेत. त्यांनी निवड कशी करावी?

सूचीत प्रत्येक प्लगइनचे एक पान असते. तो किती संकेतस्थळांवर चालू आहे, शेवटची सुधारणा केव्हा झाली, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तो तपासला आहे, हे तेथे दिलेले असते. यांपैकी ‘तपासला आहे’ हा आकडा कर्ता स्वतःच लिहितो. तो म्हणजे कर्त्याचा शब्द होय, परीक्षकाचा दाखला नव्हे. ताऱ्यांच्या सरासरीवरही फार विसंबू नये. एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिले आहे आणि कर्त्याने त्यांना कोणत्या शब्दांत उत्तर दिले आहे, हे वाचण्यात घालविलेली दहा मिनिटे अधिक उपयोगी पडतात. तक्रारीला उद्धटपणे किंवा ठरावीक साच्यातले उत्तर देणारा कर्ता आपल्यालाही तेच देईल. गेल्या दोन महिन्यांत विचारलेल्या प्रश्नांपैकी किती सुटले, हेही त्या पानावर दिसते. त्याच्या जोडीला बदलांची नोंदवही पाहावी. तीत वर्षानुवर्षे थोड्याथोड्या अंतराने दुरुस्त्या नोंदलेल्या असतील तर कर्ता जागा आहे असे समजावे.

‘लाखो लोक वापरतात, म्हणजे चांगलेच असणार’ हा युक्तिवाद मात्र सर्वांत फसवा. ‘फाइल मॅनेजर’ हा प्लगइन सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर चालू होता. त्याने दुसऱ्या एका संचातून काही भाग घेतला होता. त्या संचात केवळ नमुन्यादाखल ठेवलेली, थेट वापरावयाची नसलेली एक फाइल होती. तिच्या नावाचा शेवट बदलला गेल्यामुळे ती कोणालाही, प्रवेशशब्दावाचून, चालविता येऊ लागली. सप्टेंबर 2020 मध्ये ही गोष्ट उघडकीस आली. कर्त्यांनी त्याच वेळी दुरुस्ती काढली खरी, पण घुसखोरांनी तिच्या आधीच हल्ले आरंभिले होते.

दुसरे उदाहरण अधिक विचार करावयास लावणारे आहे. ‘डिस्प्ले विजेट्स’ हा सुमारे दोन लाख संकेतस्थळांवरील साधा, निरुपद्रवी प्लगइन 2017 मध्ये त्याच्या मूळ कर्त्यांनी विकला. नव्या मालकाने ‘सुधारणा’ म्हणून जी आवृत्ती पाठविली, तीत चोरदरवाजा होता. त्यातून त्या संकेतस्थळांवर परकी जाहिरातवजा पाने उमटू लागली. प्रवेश करून आत आलेल्या व्यवस्थापकाला ती पाने दिसत नसत. बाहेरच्या वाचकालाच दिसत. सूचीतून हा प्लगइन अनेकदा काढला गेला, पुन्हा आला, आणि सप्टेंबरमध्ये कायमचा गेला. तेव्हा मालकी बदलल्याची वार्ता आली, किंवा बराच काळ निजलेल्या प्लगइनची एकाएकी नवी आवृत्ती आली, तर चिटणीसांनी थोडे थांबून चौकशी करावी. सूचीतून एखादा प्लगइन काढून टाकला गेला, तरी ज्यांनी तो आधीच बसविला आहे त्यांना वर्डप्रेस स्वतःहून तसे कळवीत नाही. वर्षातून दोन-तीन वेळा आपल्या प्रत्येक प्लगइनचे पान उघडून पाहिल्यावाचून हे समजत नाही. नको असलेला प्लगइन नुसता बंद करून ठेवणेही पुरेसे नाही, कारण त्याच्या फायली सर्व्हरवर तशाच राहतात. तो काढूनच टाकावा.

पैसे देऊन घेतलेल्या प्लगइनला साहाय्य बहुधा एका वर्षापुरते मिळते. पुढच्या वर्षी वर्गणी भरली नाही तर तो चालत राहतो, पण दुरुस्त्या येणे थांबते. ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम दरवर्षी धरावी लागेल. तोच प्लगइन चोरून फुकट देणारी संकेतस्थळेही आहेत. त्यांच्याकडे वळू नये; तशा प्रतींत घातक मजकूर मिसळलेला आढळतो.

घेण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाटही पाहून ठेवावी. सभासदांची यादी साध्या कोष्टकाच्या रूपाने बाहेर काढता येते का? काही प्लगइन काढल्यावर त्यांच्या खुणा चौकटी कंसांत पानोपानी शिल्लक राहतात व त्या हाताने पुसाव्या लागतात.

मराठी संस्थेला आणखी एक परीक्षा घ्यावी लागते. ती परदेशी कर्त्याच्या ध्यानी येण्याचा संभव कमी. संकेतस्थळाची एक प्रत निराळ्या जागी करून तीत प्लगइन बसवावा. सभासदाच्या नावाच्या रकान्यात ‘किर्लोस्कर’ लिहावे, पत्त्यात ‘दुसऱ्या मजल्यावर’ लिहावे, आणि वर्गणीची पावती पीडीएफ रूपात काढून पाहावी. पावती तयार करणाऱ्या अनेक साधनांना देवनागरी जोडाक्षरांची जुळणी येत नाही. अशा पावतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यावयाची ती नंतर येते, ‘स्क’ चे दोन तुकडे होतात, आणि ‘दुसऱ्या’ मधील अर्धा र सुटा पडतो. देवनागरी अंकांत लिहिलेला दूरध्वनी क्रमांकही देऊन पाहावा. तो नाकारला गेला, तर कर्त्याला नम्रपणे पत्र लिहावे व त्याचे उत्तर किती दिवसांनी येते ते मोजावे. पावती दुरुस्त होवो वा न होवो, साहाय्य कसे मिळेल याचा अंदाज चिटणीसांना त्या एका पत्रातून येईल.