समुद्राचा तळ मोजणारी जहाजे

राजघाटावरून तापीला आलेला पूर आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. मुघल काळात आपल्या बुऱ्हाणपूरचे कापड सुरतेमार्गे इराण-अरबस्तानला जाई. पण तापीचे मुख गाळाने उथळ झालेले असल्यामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत येऊ शकत नसत. ती बाहेर सुवालीजवळ नांगर टाकून उभी राहत. पाणी वरून सारखेच दिसते. ते कुठे किती खोल आहे, हे ज्याला ठाऊक, त्याचेच जहाज सुखरूप.

ही खोली मोजणे हेच नौदलाच्या जलसर्वेक्षण जहाजांचे काम. त्यांतले ‘आयएनएस संधायक’ ३ फेब्रुवारी २०२४ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाले. कोलकात्यात बांधलेले हे जहाज सुमारे ११० मीटर लांब आहे. आपल्या शेजारच्या किनाऱ्यावर, कारवारला, ‘आयएनएस मकर’ हे जुळ्या तळांचे लहान सर्वेक्षण जहाज २०१२ मध्ये दाखल झाले.

पूर्वी खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत. एका वेळी एकाच ठिकाणची खोली कळे. दोन मोजमापांच्या मध्ये खडक असला तर तो निसटून जाई. आता दोरीची जागा ध्वनीने घेतली आहे. ध्वनी समुद्रात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. जहाजाने सोडलेला नाद तळावर आपटून दोन सेकंदांनी परत आला, तर जाण्याला एक आणि येण्याला एक सेकंद लागला. म्हणजे तळ १५०० मीटरवर. पोटाची सोनोग्राफी ज्या तत्त्वावर चालते, तेच हे तत्त्व.

मल्टीबीम यंत्र असे अनेक किरण पंख्यासारखे पसरून तळाचा रुंद पट्टा एकाच फेरीत मोजते. पाण्याचे तापमान आणि खारटपणा बदलला की ध्वनीचा वेगही बदलतो, म्हणून तोही जागोजागी तपासावा लागतो. भरती-ओहोटी आणि जहाजाचे हेलकावे यांचा हिशेब वेगळा. उथळ पाण्यात मोठे जहाज जात नाही. तिथे त्यावरच्या लहान मोटारबोटी उतरतात. खोल पाण्यात माणसाविना चालणारी यंत्रे सोडतात. ही सगळी मोजमापे जुळवून डेहराडूनच्या कार्यालयात नौकानयनाचे नकाशे तयार होतात. ते युद्धनौकांना लागतात, तसेच व्यापारी जहाजांनाही.

या कौशल्याचा एक जड प्रसंग आपल्याला आठवत असेल. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने बहुतेकांना वाचवले, पण सत्तरहून अधिक जण परतले नाहीत. पाण्यावरचा शोध अपुरा पडू लागला, तेव्हा ‘मकर’ला पाठवण्यात आले. त्यावरचे साइड स्कॅन सोनार तळावर पडलेल्या वस्तूंची ध्वनिछाया उमटवते. त्याच्या साहाय्याने बुडालेला बार्ज सापडला आणि पाणबुडे नेमके कुठे उतरायचे हे ठरले. घरी वाट पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ‘बेपत्ता’ आणि ‘सापडला’ या दोन शब्दांत किती अंतर असते, हे डॉक्टर म्हणून मी जवळून पाहिले आहे.

संकटकाळी ‘संधायक’सारखे जहाज रुग्णालय म्हणूनही वापरता येते. पण त्याचे नित्याचे काम कधी संपत नाही. नद्या गाळ आणतात, वादळे वाळूचे दांडे हलवतात, बंदरे खोदली जातात. रोग्याचा दहा वर्षांपूर्वीचा केसपेपर पाहून मी आज औषध देत नाही, पुन्हा विचारतो, पुन्हा तपासतो. समुद्राच्या नकाशाचेही तसेच आहे.

हे शास्त्र शिकवणारी राष्ट्रीय संस्था गोव्यात वास्को येथे आहे. समुद्र आपल्या गावापासून दूर खरा. पण घरातल्या गणिताची आवड असलेल्या मुलामुलींना या कामाची ओळख जरूर करून द्या.