दलालाविना घर विकताना गिऱ्हाईक का मिळत नाही?

घर विकायला काढले की पहिला विचार दलाली वाचविण्याचा येतो. दोन टक्के धरले तरी ५० लाखांच्या घरामागे १ लाख रुपये होतात. कष्टाने पैसा जोडणाऱ्याला ही रक्कम सहज सोडवत नाही, आणि घर दलालामार्फतच विकावे अशी कायद्याची सक्तीही नाही. तरीही अशी पुष्कळ घरे महिनोन्महिने पडून राहतात व अखेर कमी भावात जातात.

पहिले कारण म्हणजे बातमीच पोहोचत नाही. मालक दारावर पाटी लावतो, मोहल्ल्यातील चार ओळखीच्यांना सांगतो, व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो. पण घेणारा त्याच वस्तीत असेलच असे नाही. दलालाकडे घर शोधणाऱ्यांची यादी असते व इतर भागांतील दलालांशी त्याची देवघेव चालते. दुकानदाराला हे सांगायला नको. माल कितीही चांगला असला तरी नव्या दुकानाला बांधलेले गिऱ्हाईक नसते. घरमालक तर हे दुकान बहुधा आयुष्यात एकदाच उघडतो.

दुसरे कारण भाव. आपण फरशीवर किती खर्च केला, शेजाऱ्याने कोणता आकडा सांगितला, यावरून किंमत ठरते. कोणी रेडी रेकनर पुढे करतो, पण तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. बाजारभाव त्याहून कमी-जास्त असू शकतो. खरा आधार नोंदलेल्या व्यवहारांचा. महाराष्ट्रात नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ पाहता येते. आसपासची घरे किती रकमेला गेली ते तिच्यातून कळते. आधी अवाच्या सवा भाव सांगून मग उतरवीत गेल्यास घरात काही खोट असावी, असा संशय लोकांना येतो.

तिसरे कारण, दलाली वाचली हे गिऱ्हाईकालाही ठाऊक असते. मालक जो लाख आपला समजतो, तोच लाख गिऱ्हाईक किमतीतून कमी करायला सांगते. शिवाय मालक समोर असल्यामुळे ते घरातील उणीव तोंडावर बोलत नाही; "कळवतो" म्हणून निघून जाते. काय खटकले हे मालकाला कळतच नाही.

चौथे कारण कागद. आधीचे खरेदीखत, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, कराच्या पावत्या ही फाईल जाहिरातीपूर्वीच तयार हवी. घर वडिलोपार्जित असेल तर बहिणींसह सर्व वारसांची नावे लागलेली असावीत व सर्वांची लेखी संमती असावी. कर्ज काढून घर घेणाऱ्याची बँक हे सारे तपासूनच पैसे देते. नाव राहून गेले तर पक्के गिऱ्हाईकही हातचे जाते.

दलाली वाचवायची तर दलालाचे काम स्वतः करावे लागते. नोंदलेले भाव पाहून किंमत ठरवा. जाहिरातीत कार्पेट क्षेत्रफळ, मजला, पाणी व पार्किंग स्पष्ट लिहा. आपल्या वस्तीबाहेर बातमी पोहोचवा. घर पाहून गेलेल्यांना एखाद्या तिऱ्हाइताकडून मत विचारा. आणि स्वतः प्रयत्न करण्याची मुदत आधीच ठरवा. विकायला काढलेले घर रिकामे पडून असेल तर त्याचा कर, सोसायटीचा खर्च व अडकलेले भांडवल हाही तोटाच. तो वाचलेल्या दलालीहून मोठा होऊ लागला, तर दलाल गाठण्यातच शहाणपणा आहे.