आभाळ, बाजार आणि वॉशिंग सेंटरचा गल्ला

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी आणि तिच्या भोवतालचा परिसर हा धानाचा मुलूख. येथे वर्षाची मोजदाद इंग्रजी महिन्यांनी कमी आणि पऱ्हे, चिखलणी, रोवणी, कापणी व मळणी यांनी अधिक होते. किराणा दुकान असो, कापडाचे दुकान असो वा रस्त्याकडेचे गाड्या धुण्याचे वॉशिंग सेंटर असो, अशा गावात प्रत्येकाच्या गल्ल्यात शेवटी धानाचाच पैसा फिरून येतो.

शिक्षण संपवून गावी परतलेल्या तरुणाला वॉशिंग सेंटर हा सोपा व्यवसाय वाटतो. एक बोअरवेल, पाण्याची टाकी, दाबाने पाणी मारणारा पंप आणि सिमेंटचा उतार एवढ्यावर काम सुरू होते. भांडवलासाठी कर्जही मिळते. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘किशोर’ गटात ५० हजारांच्या पुढे ५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. परंतु या धंद्याला दोन न दिसणारे भागीदार असतात, आभाळ आणि बाजार. दोघेही भांडवल घालत नाहीत, पण मिळकतीतला आपला वाटा मात्र चुकता घेतात. त्यांचा स्वभाव न ओळखता घेतलेले कर्ज पुढे घराला जड जाते. म्हणून, वाचकहो, हा हिशेब घरातील सर्वांनी एकत्र बसून समजून घेण्यासारखा आहे.

आभाळाचा वाटा

या जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस म्हणजे चिखल आणि चिखल म्हणजे धुलाई, असा सरळ हिशेब नवखा माणूस मांडतो. प्रत्यक्षात झड लागली की सेंटर ओस पडते. आज धुतलेली गाडी उद्या पुन्हा माखणार असेल, तर पैसे कोण मोडील? मात्र चार दिवसांनी उघाड पडली की रांग लागते. चिखलणी आटोपलेले ट्रॅक्टर केजव्हीलसह येऊन उभे राहतात आणि एका ट्रॅक्टरचा वाळलेला चिखल काढायला चार दुचाकींचा वेळ लागतो. म्हणजे पाऊस गिऱ्हाईक पुष्कळदा पुढे ढकलतो, नाहीसे करीत नाही. पण ढकललेले सारेच परत येते असेही नाही. चार दिवसांत चार वेळा होऊ शकली असती अशी धुलाई उघाडीनंतर एकदाच होते.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. धूळ भरपूर, लग्नसराई जोरात, गिऱ्हाईक दारात. पण बोअरवेलचे पाणी खोल गेलेले. टंचाई तीव्र झाली की गाडी धुणे ही चैन ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी करून ५ हजार रुपये दंड ठरविला. दुसऱ्या टोकाला ऑगस्ट २०२० अखेरचा वैनगंगेचा महापूर आहे. भंडारा शहरासह नदीकाठची अनेक गावे त्या वेळी पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर चिखलाने भरलेली वाहने धुण्याचे काम वाढते खरे, पण ज्याचे घरच वाहून निघाले त्याच्याकडून कोणता सज्जन पूर्ण दर घेईल?

बाजाराचा वाटा

कुटुंबाच्या खर्चात गाडीची धुलाई ही सर्वांत आधी पुढे ढकलता येणारी बाब आहे. डिझेल भरल्यावाचून ट्रॅक्टर चालत नाही. न धुता मात्र तो महिनाभर चालतो. पैसा आखडला की माणूस बादली आणि फडके घेऊन गाडी अंगणातच पुसतो.

करडीसारख्या गावात पैसा मोकळा होतो तो धान विकल्यावर. साधारण प्रतीच्या धानाचा आधारभूत भाव २०२३-२४ च्या हंगामात क्विंटलला २,१८३ रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये २,३०० आणि २०२५-२६ मध्ये २,३६९ झाला. पण भाव जाहीर होणे वेगळे आणि चुकारे खात्यात पडणे वेगळे. चुकारे लांबले की सेंटरवरची उधारी लांबते. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, त्या नेमक्या धान घरी येण्याच्या दिवसांत. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर रस्त्यावर वाहनच उरले नाही. हवा उत्तम, पाणी आहे, मजूर आहे आणि गल्ला रिकामा, असेही दिवस या धंद्याने पाहिले.

उलट, २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, लहान मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के आणि ट्रॅक्टरवरील १२ वरून ५ टक्के झाला. वाहने वाढली की धुलाईही वाढते. तरी त्या नव्या वाहनाचा हप्ता मालकाच्या खिशातूनच जातो आणि तो जड झाला की धुलाईचे पैसेच आधी वाचविले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

हप्ता ठरलेला, मिळकत हलती

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. ३ लाख रुपये कर्ज, व्याज १२ टक्के, मुदत ५ वर्षे. मासिक हप्ता सुमारे ६,७०० रुपये येतो. रोज दहा दुचाकी ५० रुपये दराने आणि तीन मोठी वाहने २५० रुपये दराने धरली, तर दिवसाचा गल्ला १,२५० रुपये. पंचवीस दिवस काम चालले तर ३१,२५० रुपये. मदतनीस १०,००० रुपये, जागेचे भाडे ३,००० आणि वीज, शाम्पू व दुरुस्ती मिळून ५,००० वजा जाता १३,२५० उरतात. हप्ता भरून घरात साडेसहा हजार येतात.

ऑगस्टमध्ये झडीमुळे काम चौदाच दिवस झाले, तर गल्ला १७,५०० रुपये. वीज आणि शाम्पूचा खर्च निम्म्यावर आला, तरी मदतनीस व भाडे तेवढेच राहतात. हाती उरतात अवघे २,०००. हप्त्याला ४,७०० रुपये कमी पडतात आणि घरखर्च तर शिल्लकच आहे. दसरा-दिवाळीला हाच गल्ला दुपटीकडे जाऊ शकतो. म्हणजे वर्षाच्या हिशेबात जो धंदा नफ्यात आहे, तोच ऑगस्टच्या हिशेबात बुडीत दिसतो. पीककर्जाची परतफेड हंगाम पाहून ठरते. पंपासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र सहसा दरमहा सारखाच असतो. कर्ज घेतानाच परतफेडीची रचना हंगामानुसार करून मिळेल का, हे विचारण्यात संकोच नसावा.

यावर अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिकांनी मासिक वर्गणीचा उपाय काढला. ठरावीक रक्कम भरावी आणि महिन्यात हवी तितक्या वेळा गाडी धुऊन घ्यावी. ‘मिस्टर कार वॉश’ या मोठ्या साखळीच्या धुलाईच्या विक्रीतील निम्म्याहून अधिक रक्कम अशा वर्गणीदारांकडून येते. पाऊस आला तरी वर्गणी थांबत नाही. आपल्याला यात नवे काही नाही. गावचा लोहार आणि सुतार वर्षभर काम करीत आणि सुगीला खळ्यावरून बलुते नेत. करडीतील ट्रॅक्टरमालक किंवा शाळेच्या गाडीचा मालक यांच्याशी सालाचा ठराव करावा, रक्कम धान विकल्यावर घ्यावी आणि मोबदल्यात दर थोडा कमी ठेवावा. दोघांचेही हित त्यात आहे.

बाकीच्या गोष्टी घरच्या शिस्तीच्या. दिवाळीच्या गल्ल्यातून आधी पावसाळ्याचे हप्ते बाजूला काढावेत. दैनिक ठेवीत रोज थोडी रक्कम टाकल्यास ते जाणवतही नाही. मिनिटाला वीस लिटर सोडणारी उघडी नळी दहा मिनिटे चालली तर २०० लिटर पाणी जाते. दाबाचा पंप आणि बंद होणारी तोटी यांनी त्यात मोठी बचत होते. मळके पाणी निवळण टाकीत साठवून चिखलाच्या पहिल्या धुलाईला पुन्हा वापरावे. तेलाचा तवंग बांधीत किंवा तलावात जाऊ देऊ नये. पाणी गाळून आणि जपून वापरण्याचा संस्कार ज्या घरांत आहे, त्यांना हे वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणि वही लिहावी. जमा आणि खर्च यांच्या शेजारी तिसरा रकाना आभाळाचा ठेवावा: झड, उघाड, ऊन, लग्नतिथी, चुकारे आले की नाही. दोन वर्षांनी ती वही उघडली की कोणत्या महिन्यात हात आखडता ठेवायचा आणि कोणत्या महिन्यात मदतनीस वाढवायचा, हे तीच सांगेल. पाऊस आपल्या हाती नाही आणि धानाचा भावही नाही. पण ऑगस्टचा हप्ता नोव्हेंबरातच बाजूला काढून ठेवणे, एवढे आपल्या हाती खचित आहे.